बोअर कुठे थांबवायचा?

प्रश्न : आमच्या भागात 700-800 फुटांच्या बोअरचं आता कुणाला नवल वाटत नाही. यंदा आमच्या शेतातला 800 फुटांवरही कोरडाच गेला. तळापर्यंत काळा दगड, मधूनमधून मांजऱ्या, एक-दोन ठिकाणी लाल गेरूचा पट्टा. गाडीवाला रॉड काढता काढता हसून म्हणाला, "दादा, याच्याखाली सोनं निघालं तर निम्मं माझं." तो गेला, पण डोक्यात भुंगा सोडून गेला. पाण्यासाठी आम्ही पैसे संपले की थांबतो. सोनं-तांबं शोधणारे किती खोल बघतात? आणि कुठे थांबायचं, हे कशावरून ठरवतात?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : खरं सांगू? तेही बहुतेक वेळा पैसे संपले की थांबतात. फरक इतकाच, की तुमचे पैसे खिशातले असतात आणि त्यांचे कागदावरचे. इतकी विवरं, प्रत्येक अमुक मीटरचं, हा हिशेब गाडी जागेवर पोचायच्या आधीच कुठल्या तरी कचेरीत ठरून गेलेला असतो. विदर्भात एका शोधमोहिमेच्या शेडमध्ये मी एकदा खोक्यांत मांडून ठेवलेल्या खडकाच्या कांड्या बघत होतो. एका विवराच्या शेवटच्या खोक्यात खडकाचा रंग पालटायला लागला होता, बारीक पिवळसर चमकही होती. "मग पुढे?" असं विचारल्यावर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "पुढे मार्च." म्हणजे आर्थिक वर्ष संपलं.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. छिद्र किती खोल पाडायचं हा एक, आणि नजर किती खोल टाकायची हा दुसरा. बरीच वर्षं या दोन्हींचं उत्तर एकच समजलं जायचं. ते तसं नाही, हे या धंद्याला गेल्या पन्नासेक वर्षांत हळूहळू, आणि बरेच पैसे घालवून, कळलं आहे.

आधीच्या पिढ्यांनी खाणी शोधल्या असं आपण म्हणतो, पण शोधल्या म्हणण्यापेक्षा त्या दिसल्या. राजस्थानात जावरला दोन हजार वर्षांपूर्वीपासून खाणी होत्या, रायचूरजवळ हुट्टीला होत्या, कोलारलाही होत्या. या सगळ्या ठिकाणी खनिजाचं टोक जमिनीवर आलेलं होतं. कुठे गंजलेल्या लोखंडासारखी लाल-पिवळी टोपी, कुठे पांढऱ्या गारेची शीर. ब्रिटिश कंपन्या 1880च्या सुमारास कोलारला आल्या, त्याही जुन्या लोकांचे खड्डे बघूनच आल्या. सुरुवातीला हाती फारसं लागेना, भांडवल आटत आलं. मग जुन्या खोदकामाच्या आणखी खाली उतरल्यावर चॅम्पियन शीर सापडली. 2001 साली खाण बंद झाली तोवर चॅम्पियन रीफ 3.2 किलोमीटरपर्यंत खोल गेली होती. (जाता जाता एक गंमत : 1965 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर याच खाणीत 2.3 किलोमीटर खोलीवर वातावरणातून आलेले न्यूट्रिनो टिपले. सोन्यासाठी पाडलेलं भोक आकाशाचा अभ्यास करायला उपयोगी पडलं.)

पण कोलार इतकं खोल गेलं ते वरून सुरू झालेल्या शिरेचा माग काढत. शेपूट हातात होती, तिला धरून आत शिरले. प्रश्न उरतो तो ज्यांची शेपूट बाहेर नाही त्यांचा. जगातला उघडा खडक भूवैज्ञानिकांनी बहुतेक पायाखाली घातला आहे. उरलाय तो झाकलेला. कुठे त्यावर वाळू आहे, कुठे गाळाचे थर, आणि आपल्याकडे काळा पाषाण.

आता दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढवाड्यावर जाऊ. ॲडलेडच्या उत्तरेला साडेपाचशे किलोमीटरवर, रॉक्सबी डाउन्स. सपाट माळ, लाल वाळू, खुरटी झुडपं. मेंढ्यांना पाणी पाजायला तिथे 1956 साली, मेलबर्न ऑलिंपिकच्या वर्षी, एक तळं खोदलं गेलं, म्हणून त्याचं नाव ऑलिंपिक डॅम. जमिनीवर खनिजाची एकही खूण नाही. वर सुमारे 350 मीटर जाडीचे गाळाच्या खडकांचे आडवे, निरुपयोगी थर.

वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशन ही कंपनी तिथे आली ती एका तर्कावर. रॉय वुडॉल हे शोधविभागाचे प्रमुख, आणि डग्लस हेन्स हे तरुण भूवैज्ञानिक. हेन्स यांचं म्हणणं असं होतं, की बेसॉल्ट, म्हणजे तुमच्या शेताखालचा काळा दगड, रासायनिक बदल होताना आपल्यातलं थोडं थोडं तांबं सोडून देतो. तेव्हा असा बदललेला जुना बेसॉल्ट शोधायचा आणि त्याच्या आसपासच्या गाळाच्या खडकांत ते तांबं साठलंय का बघायचं. बेसॉल्ट जड असतो आणि चुंबकीयही. म्हणून गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व दोन्ही जिथे वाढलेले दिसतात अशी जागा त्यांनी नकाशांवर हेरली, आणि 1975 साली तिथे पहिलं विवर पाडलं, आरडी-1. साडेतीनशे मीटर रिकामे थर संपल्यावर 38 मीटर जाडीच्या पट्ट्यात सुमारे 1 टक्का तांबं लागलं. बेसॉल्ट मात्र नव्हता! खाली होता तुटून-फुटून पुन्हा सांधलेला ग्रॅनाइट आणि त्यात ठासून भरलेलं हेमॅटाइट, लोहखनिज. गुरुत्वाकर्षण वाढलं होतं ते या हेमॅटाइटमुळे. चुंबकत्वाचं मूळ तर त्याहूनही खोल कुठे तरी होतं. तर्क चुकला होता आणि जागा बरोबर निघाली होती.

पुढची विवरं एकामागून एक पडत गेली, पण ती फारशी सुखावणारी नव्हती. तिथे कुणी ‘पुढे मार्च’ म्हटलं असतं तर कुणाची चूक ठरली नसती. 1976च्या अखेरीस दहावं विवर, आरडी-10, पाडलं गेलं. त्यात 170 मीटर जाडीत 2.1 टक्के तांबं लागलं. आज ऑलिंपिक डॅम हा तांब्याच्या मोठ्या ठेव्यांपैकी एक आणि युरेनियमचा जगातला सर्वांत मोठा ज्ञात ठेवा मानला जातो. शिवाय सोनं, चांदी.

आता ते 350 मीटर लक्षात ठेवा आणि घरी परत या. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला एक संशोधन-विवर पाडलं गेलं, 617 मीटर खोल. त्यात काळा पाषाण संपला 338 मीटरवर. त्याखाली 8 मीटर गाळाचा पातळ थर, आणि मग अतिप्राचीन, भट्टीतून निघाल्यासारखा रूपांतरित खडक. 338 मीटर म्हणजे सुमारे 1,100 फूट. तुमच्याच तालुक्यात आहे हे. तुमच्या शेताखालची जाडी नेमकी तेवढीच असेल असं नाही, पण अंदाज बांधायला हरकत नाही. गाडीवाला आणखी 300 फूट गेला असता तर बहुधा वेगळ्याच जगात उतरला असता. थोडक्यात, किल्लारीचं झाकण ऑलिंपिक डॅमच्या झाकणाएवढंच जाड आहे.

किल्लारीखाली तांबं आहे असं मी म्हणत नाही. उद्या कुणी सातबारा घेऊन दलालाकडे निघायचं. इतकंच म्हणतो, की हुट्टीची सोन्याची खाण किल्लारीपासून सरळ रेषेत 200 किलोमीटरच्या आसपास आहे, आणि ज्या धारवाडी खडकांत ती आहे ते खडक दख्खनच्या पाषाणाच्या कडेला येऊन संपत नाहीत, त्याखाली शिरतात. आपला नकाशा तिथे काळा पडतो, भूगर्भ नव्हे. कोयनेला पाषाण आणखी जाड आहे. पाटण तालुक्यात गोठणे इथे भूकंपांच्या अभ्यासासाठी 2017 साली 3 किलोमीटर खोल विवर पूर्ण झालं, त्यात तो 1,247 मीटरपर्यंत होता. त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक.

मग इथे कुणी शोधत का नाही? कारण आपलं झाकण गप्प बसत नाही. ऑस्ट्रेलियातले ते गाळाचे थर चुंबकाच्या दृष्टीने मुके आहेत. वरून विमान फिरवा, खालचं दिसतं. दख्खनचा पाषाण मात्र थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीचं चुंबकत्व आपल्यात गोठवून बसलाय, आणि सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, त्यातला बराचसा ओतला गेला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते. म्हणजे काही थर सुलट बोलतात, काही उलट. वर ढोल-ताशा चालू आहे आणि आपल्याला तळघरातली कुजबुज ऐकायची आहे. त्यात अंतराचा नियम आडवा येतो. एखादा लहान गोळ्यासारखा ठेवा दुप्पट खोल नेला की त्याचा गुरुत्वाकर्षणातला ठसा चौथाईवर येतो, आणि चुंबकीय ठसा आठव्या हिश्शावर.

तेव्हा खोलवर ‘बघायचं’ तर थेट खनिजाकडे बघून भागत नाही. त्याचा पत्ता शेजाऱ्याकडे विचारावा लागतो. हे पहिल्यांदा चोख केलं ते रुडॉल्फ क्राह्मान या जर्मन भूभौतिकीतज्ज्ञाने, दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला सोन्याचे थर डोलोमाइटखाली गडप होत. सोनं काही चुंबकाला लागत नाही. पण सोन्याच्या थरांखाली ठरावीक अंतरावर मॅग्नेटाइट असलेल्या शेलचे थर आहेत आणि ते चुंबकाला लागतात, हे क्राह्मान यांनी 1930च्या सुमारास हेरलं. चुंबकमापक घेऊन त्यांनी डोलोमाइटच्या वरून त्या शेलचा माग काढला. शेल इथे आहे, म्हणजे सोनं अमुक अंतरावर, अमुक खोलीवर असणार. त्यातून पुढे जगातल्या सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत खोल सोनखाणींची रांग उभी राहिली. त्यातली म्पोनेंग आज 4 किलोमीटरच्या घरात आहे. तिथल्या खडकाचं तापमान 66 अंश सेल्सिअस, आणि माणसं काम करू शकावीत म्हणून वरून बर्फाचा लगदा पंपाने आत सोडावा लागतो.

मला स्वतःला खरं नवल वाटतं ते अलीकडच्या पालटाचं. क्राह्मान यांनी शेजाऱ्याला विचारलं. आता थेट गावाचा इतिहास काढतात. ऑलिंपिक डॅमवर ॲडलेड विद्यापीठाच्या ग्रॅहम हाइन्सन आणि सहकाऱ्यांनी मॅग्नेटोटेल्युरिक नावाची पद्धत वापरली. लांब कुठे तरी वीज कडाडते, सूर्याकडून येणारे भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर आदळतात, त्यामुळे जमिनीत अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह सतत वाहत असतात. जितक्या संथ लहरी, तितक्या त्या खोल शिरतात. त्या मोजून कवचात कुठे वीज सहज वाहते आणि कुठे अडते याचं चित्र काढता येतं. 2018 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चित्रात कवचाच्या तळाकडून काही उभे, वीजवाहक पट्टे बोटांसारखे वर येताना दिसतात, आणि त्यांतलं एक बोट बरोबर ऑलिंपिक डॅमकडे रोखलेलं आहे. ज्या वाटांनी तप्त द्रव सुमारे 160 कोटी वर्षांपूर्वी वर आले त्यांचे हे वळ असावेत. खाण काही शे मीटरांवर. तिचा ठसा दहा-वीस किलोमीटरवर, आणि खाणीपेक्षा कैक पटींनी मोठा. मग मोठी गोष्ट आधी शोधणं सोपं नाही का? ऑस्ट्रेलियाने सबंध खंडावर साधारण 55-55 किलोमीटर अंतराने असे मापक बसवण्याचा उपक्रमच हाती घेतला.

2020 साली मार्क हॉगार्ड आणि सहकाऱ्यांनी याहून खोल नजर टाकली. भूकंपलहरींवरून पृथ्वीच्या कडक आवरणाची, शिलावरणाची, जाडी मोजून त्यांनी जाड आणि पातळ आवरणाची सीमा आखली. ही सीमा म्हणजे 170 किलोमीटर जाडीची रेषा. मुंबईहून पुण्याला जाण्यापेक्षा जास्त अंतर, सरळ खाली. मग गाळाच्या खडकांत सापडणाऱ्या शिसं, जस्त, तांब्याच्या ठेव्यांच्या जागा त्यावर मांडल्या. त्यांतला सुमारे 85 टक्के धातू त्या सीमेच्या 200 किलोमीटरांच्या आत निघाला, आणि सगळे महाकाय ठेवे त्यातच. 1 किलोमीटरवरचं भोक कुठे पाडायचं हे कळायला 170 किलोमीटर खाली बघायचं, असा हा उफराटा प्रकार आहे. पण पाणाड्याच्या नारळापेक्षा बरा.

याचा अर्थ भोकही तितकंच खोल जावं असा नाही. तुमच्या गाडीचा हातोडा दगडाचा भुगा करून हवेने वर फेकतो. धातू शोधणाऱ्यांचं शेवटी तेवढ्यावर भागत नाही. त्यांना हिरे बसवलेल्या पोकळ बिटाने खडकाची अखंड कांडी काढावी लागते, तिला कोअर म्हणतात. नेहमीच्या आकाराची कोअर पावणेपाच सेंटिमीटर जाडीची. 1 किलोमीटरचं विवर पाडलं तर हातात येतो दोन घनमीटरही न भरणारा खडक, पाचेक टन. एका ट्रॅक्टर-ट्रॉलीत मावेल इतक्यावरून खालच्या डोंगराचा निवाडा करायचा! शिवाय विवर कागदावरच्या रेघेसारखं सरळ जात नाही. खडकाच्या पापुद्र्यांनुसार ते वळतं आणि किलोमीटरभर खाली नेम बराच चुकू शकतो. म्हणून आता एक मुख्य विवर पाडून त्याच्या पोटातून, पाचर घालून वळवत, तीन-चार फाटे काढतात. वरचे रिकामे शेकडो मीटर पुन्हा पुन्हा पाडायचा खर्च वाचतो.

आणि प्रत्येक खनिजाला खोली मानवतेच असंही नाही. गोव्याचं लोहखनिज, कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरचं बॉक्साइट ही पावसाची देणगी आहे. पावसाने खडक धुऊन त्यातलं नको ते नेलं, हवं ते वर राहिलं. तिथे बॉक्साइटसाठी खोल जाल तर खाली ताजा, न कुजलेला पाषाणच लागेल. त्यांच्यासाठी 500 मीटरचं विवर म्हणजे निव्वळ उधळपट्टी. उलट सोन्याच्या कोलारसारख्या शिरा मुळात अनेक किलोमीटर खोलीवर तयार होतात, त्यामुळे त्या खालीही लांब पसरलेल्या असू शकतात. म्हणून ‘किती खोल?’ विचारण्याआधी ‘कशासाठी?’ विचारावं लागतं.

राहिला थांबण्याचा प्रश्न. ऑलिंपिक डॅमपासून 65 किलोमीटरवर ओक डॅम नावाची जागा आहे. तिथे 1970च्या दशकातच विवरं पडली होती, लोहखनिजही दिसलं होतं, पण धंदा होण्याजोगं तांबं नाही म्हणून सगळे निघून गेले. 2018 साली बीएचपी या खाणकंपनीने पुन्हा विवर पाडलं. 1,063 मीटरपासून पुढे 425 मीटर जाडीत सरासरी 3 टक्के तांबं! मधली चाळीस वर्षं त्या जागेवर ‘बघून झालं’ असा अदृश्य शिक्का होता. माझ्या मते या धंद्यातली सर्वांत महाग चूक हीच. विवर रिकामं जाणं ही चूक नव्हे. रिकाम्या विवराला ‘इथे नाही’ असं वाचणं ही चूक. त्याचा अर्थ इतकाच असतो, की या पावणेपाच सेंटिमीटरांत, इथवर, नाही. म्हणून हल्ली जाणती माणसं थांबायच्या आधी एक प्रश्न विचारतात : ज्या खडकाची वाट बघत आपण इथे आलो, तो भेटला का? भेटला आणि त्यात काही नव्हतं, तर थांबा. भेटलाच नसेल तर विवर संपलेलं नाही, फक्त पैसे संपलेत. तसं निदान नोंदवहीत तरी लिहून ठेवावं.

तुमच्या बोअरलाही तेच लागू. गाडीवाल्याला कळवा की सोनं जाऊ द्या, तो पाषाणाच्या तळापर्यंतसुद्धा पोचला नव्हता. पण पाण्यासाठी त्याला आणखी खाली धाडू नका. पाषाणातलं पाणी भेगांत आणि थरांच्या सांध्यांत असतं, आणि जसजसं खाली जावं तसतशा भेगा मिटत जातात. सोन्याचा न्याय पाण्याला लावून चालत नाही.

प्रश्न : खाण किलोमीटर-दीड किलोमीटर खोल असेल तर वरच्या शेतीला, गावाला धक्का लागायचं कारण नाही. उघड्या खाणीपेक्षा हे बरंच नव्हे का?
– एक वाचक, उमरेड (जि. नागपूर)

उत्तर : उमरेडच्या माणसाने हा प्रश्न विचारावा हे साहजिक आहे, कोळशाच्या उघड्या खाणी तुमच्या दारातच आहेत. पण उत्तर स्वीडनमधल्या किरुना गावाला विचारा. तिथली लोहखनिजाची खाण जमिनीखाली आहे, मुख्य पातळी 1,365 मीटरवर. खनिजाचा तिरपा पट्टा खाली जाता जाता नेमका गावाखाली शिरतो. खालचं खनिज सुरुंगाने फोडून काढलं की वरचा खडक ढासळत त्या पोकळीत उतरतो, आणि ती भेग वर्षागणिक वर सरकत गावाकडे येते. शेवटी गावच हलवायला घेतलं. 1912 साली बांधलेलं लाकडी चर्च ऑगस्ट 2025मध्ये आख्खं उचलून, चाकांवर घालून, दोन दिवसांत 5 किलोमीटर लांब नेलं.

खोलवरचं, कमी दर्जाचं पण प्रचंड आकाराचं खनिज काढायचं तर बहुतेक ठिकाणी अशीच ‘खालून पाडायची’ रीत परवडते. अमेरिकेत ॲरिझोनात रिझोल्यूशन नावाचा तांब्याचा ठेवा दीड ते दोन किलोमीटर खोल आहे. तिथला खडक 80 अंशांच्या आसपास तापलेला. तो याच रीतीने काढला तर वर सुमारे 3 किलोमीटर रुंदीचा खड्डा पडेल असा सरकारी अंदाज आहे. ती जागा अपाची लोकांना पवित्र आहे, आणि त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत.

सगळ्याच खोल खाणी अशा नसतात. कोलारसारख्या अरुंद शिरा काढताना एवढी जमीन खचत नाही. तिथे दुखणं वेगळं होतं : दाबाखालचा खडक एकाएकी फुटायचा, आणि वर घरांत भांडी हलायची. 2001 साली खाण बंद झाली, पंप थांबले, जुने बोगदे पाण्याने भरत गेले. जमिनीचे हादरे त्यानंतरही नोंदले गेले आहेत.